तापाची एक रात्र आणि शरीरातले राखणदार

वाचकहो, घरातल्या वृद्ध माणसाला आपण औषध द्यावे आणि त्याच औषधाने त्याची प्रकृती बिघडावी, असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आला असेल. आजाराने माणूस खालावला तर दोष आजाराला देता येतो. औषधाने खालावला, तर तो दोष शुश्रूषा करणाऱ्याच्या हातांना चिकटून बसतो. माझ्या हातांना तो वर्षभर चिकटून होता. तो कसा सुटला, हे आज आपल्याला सांगावेसे वाटते. कारण असे इंजेक्शन आपल्या घरीही कुणाला दिले गेले असेल, किंवा पुढे दिले जाईल.

माझ्या सासूबाई तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. ऐन आषाढात न्हाणीघराच्या उंबऱ्याशी त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, हळूहळू त्या ओसरीपर्यंत चालू लागल्या. तपासणीत हाडे फार ठिसूळ झाल्याचे दिसले. ऑस्टिओपोरोसिस हे त्याचे नाव आता आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. डॉक्टरांनी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन सुचवले. शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी ते दिले गेले. सलाईनसारखी बाटली लावली, पंधरा-वीस मिनिटांत काम संपले, आणि दुपारी घरी येऊन त्या नेहमीसारख्या भाकरी जेवल्या. 'एवढंच होय?' असे म्हणून हसल्याही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. ताप १०२ अंशांवर गेला. 'अंगातली सगळी हाडं कुणी उखळात घालून कांडतंय गं,' एवढे एकच वाक्य त्या पुन्हा पुन्हा बोलत होत्या. मी दवाखान्यात फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आले, 'होतं असं कधी कधी. पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजा.' तिसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी त्या ओसरीवर येऊन बसल्या. पण असे होऊ शकते हे आम्हाला आधी कुणीच सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. त्या रात्री त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवताना मला राहून राहून वाटत होते, की मोडलेले हाड सांधून उठलेल्या या बाईला मीच हौसेने नेऊन विष टोचून आणले.

त्यांचेही मत तेच झाले. वर्ष सरले, दुसऱ्या इंजेक्शनची तारीख जवळ आली, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले, 'ते औषध मला सोसत नाही. परत न्यायचं नाव काढू नकोस.'

प्रश्न साधा नव्हता. खुबा एकदा मोडला, की पुन्हा कुठले तरी हाड मोडण्याचा धोका वाढतो. खुब्याचे हाड मोडलेल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना हे वार्षिक इंजेक्शन दिले गेले, त्यांच्यात नव्या अस्थिभंगांचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळले; मृत्यूंचे प्रमाणही सुमारे २८ टक्क्यांनी कमी होते. एका बाजूला हे आकडे आणि दुसऱ्या बाजूला ती तापाची रात्र. आकडे सांगून वृद्ध माणसाची भीती जात नाही. खरे सांगायचे तर माझीही गेली नव्हती.

मी तीस वर्षे महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. तरीही या तापाचे कारण मला ठाऊक नव्हते. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांना मी विचारले तेव्हा ते म्हणाले, 'बाई, हा ताप औषधाच्या विषारीपणाचा नाही. तो तुमच्या आईंच्या शरीरातल्या राखणदारांनी केलेला गलका आहे. गॅमा-डेल्टा टी पेशींबद्दल वाचा.' ज्या पेशींना आमच्या अभ्यासक्रमात जेमतेम अर्धी ओळ होती, त्यांनी माझ्या घरात तीन दिवस धुमाकूळ घातला होता. मी वाचू लागले. जे समजले ते आपल्यासमोर ठेवते.

आपल्या छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. बालपणी ती चांगली मोठी असते. वय वाढते तशी ती आकसते आणि तिची जागा चरबी घेते. ही ग्रंथी कशासाठी असते, हे १९६१ साली जॅक मिलर या संशोधकाने नवजात उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी रोगांशी लढतात, त्यांतल्या टी पेशी या ग्रंथीत शिकून तयार होतात. टी हे अक्षर थायमसच्याच नावातले.

नेहमीच्या टी पेशींचे शिक्षण फार कडक असते. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राही असतो, म्हणजे परक्याची ओळख पटवणारे जणू एक बोट. हे बोट फक्त एका ठरावीक गोष्टीवर पडते: प्रथिनाचा छोटासा तुकडा, तोही आपल्याच पेशीने एका विशिष्ट तबकात मांडून दाखवलेला. ही तबके माणसागणिक वेगळी असतात, म्हणूनच एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवताना जुळणी पाहावी लागते. ज्या पेशीला आपले तबक ओळखता येत नाही ती थायमसमध्येच संपते, आणि जी आपल्याच प्रथिनांवर धावून जाते तीही बाद होते. उरलेल्या थोड्या पेशी बाहेर पडतात आणि आपापला शत्रू भेटेपर्यंत वाट पाहत राहतात. शत्रू भेटला, की आधी संख्या वाढवायची, मग लढायचे. यात काही दिवस जातात. कागदपत्रे तपासूनच कारवाई करणाऱ्या सरकारी खात्यासारखा हा कारभार आहे. तो बिनचूक आहे, पण त्याला वेळ लागतो.

आता गावच्या राखणदाराची आठवण करा. तो कुणाची कागदपत्रे पाहत नाही. अंधारात पाऊल कसे पडले, कुत्रे कोणत्या बाजूला भुंकले, खळ्यावर उजेड का दिसतोय, एवढ्यावरून तो काठी आपटतो आणि हाळी देतो. आपल्या शरीरातही अशा राखणदार पेशी आहेत. शास्त्रज्ञ त्यांना अपारंपरिक टी पेशी म्हणतात. त्या प्रथिनांचे तुकडे ओळखत बसत नाहीत. जंतूंच्या घरच्या स्वयंपाकाचा वास ओळखतात, असे म्हटले तरी चालेल.

त्यांची तीन कुळे महत्त्वाची आहेत. एक कूळ चरबीसारखे पदार्थ ओळखते. त्यांना एनकेटी पेशी म्हणतात, आणि त्यांना चेतवणारा प्रसिद्ध पदार्थ मिळाला तो समुद्रातल्या एका स्पंजापासून. दुसरे कूळ मेट पेशींचे. बी-२ हे जीवनसत्त्व माणसाला तयार करता येत नाही, पण अनेक जिवाणूंना येते. ते तयार करताना मधल्या टप्प्यावर जे पदार्थ निर्माण होतात, त्यांवरून मेट पेशी जिवाणू आल्याचे ओळखतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ ते २०१४ या काळात हे कोडे सोडवले. तिसरे कूळ गॅमा-डेल्टा पेशींचे. त्यांचा शोध तर अपघातानेच लागला. १९८४ साली अमेरिकेत सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत नेहमीच्या टी पेशींच्या ग्राहीचा एक जनुक शोधला जात होता. हाती लागला तो भलताच, त्याला गॅमा हे नाव मिळाले. त्याच्यापासून बनणारा वेगळाच ग्राही अंगावर बाळगणाऱ्या पेशी पुढे दोनच वर्षांत सापडल्या.

ही तिन्ही कुळे थायमसमध्येच घडतात, पण त्यांचे शिक्षण निराळे. एनकेटी आणि मेट पेशींची निवड थायमसमधले शिक्षक करत नाहीत, तर त्यांच्यासारख्याच शिकाऊ पेशी करतात. वर्गातल्या मुलांनीच एखाद्याला निवडावे, तसे. गॅमा-डेल्टा पेशींची जी जात मोठ्या माणसाच्या रक्तात सर्वाधिक आढळते, ती तर बाळ गर्भात असतानाच तयार होऊ लागते. जन्मानंतर बाळाचा जंतूंशी संबंध येतो आणि तिची संख्या वाढते. थायमसमधून बाहेर पडतानाच या पेशी बऱ्याच अंशी तयारीच्या असतात. म्हणून इशारा मिळाला, की दिवसांची वाट न पाहता त्या काही तासांत कामाला लागतात. प्रौढ माणसाच्या रक्तातल्या टी पेशींत गॅमा-डेल्टा पेशी साधारणपणे शंभरात एक ते पाच असतात. संख्या थोडी, पण आवाज मोठा.

आता त्या तापाकडे येऊ. आपल्या प्रत्येक पेशीत कोलेस्टेरॉल आणि इतर काही आवश्यक पदार्थ बनवणारी एक वाट आहे. शेतातल्या पाटासारखी ती वाहते. एका टप्प्यावरचा पदार्थ पुढच्या टप्प्यावर बदलत जातो. या पाटाच्या मध्यावर आयपीपी नावाचा एक फॉस्फेटयुक्त पदार्थ असतो. निरोगी पेशीत तो थोडाच असतो, कारण तयार होताच पुढे वाहून जातो. क्षयाचे जिवाणू आणि हिवतापाचे परजीवी हे त्यांच्या वेगळ्या पाटाने तसाच एक पदार्थ बनवतात, आणि तो गॅमा-डेल्टा पेशींना चेतवण्यात आयपीपीपेक्षा हजारो पटींनी जहाल असतो. पेशीच्या आत असा पदार्थ साचला, की तिच्या पृष्ठभागावरील बुटिरोफिलिन नावाच्या प्रथिनांची ठेवण बदलते. या प्रथिनांच्या कुळाला हे नाव मिळाले ते दुधातल्या लोण्याच्या कणांवरून, कारण त्यांतले पहिले तिथेच सापडले. ठेवणीतला हा बदल गॅमा-डेल्टा पेशी बाहेरून ओळखतात. घराच्या आत काय चालले आहे हे दाराच्या कडीवरून ओळखावे, तशी ही ओळख.

झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड नेमके याच पाटावर काम करते. ते हाडात जाऊन बसते आणि हाड पोखरणाऱ्या पेशी त्याला गिळतात. आत गेल्यावर ते आयपीपीच्या खालच्या बाजूचे दार बंद करते. पुढचा पदार्थ मिळाला नाही, की त्या पेशी निकामी होतात आणि हाडाची झीज मंदावते. हेच तर आपल्याला हवे असते. पण शिरेतून औषध देताना त्याचा काही अंश रक्तातल्या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही गिळतात. त्यांच्यातही दार बंद होते आणि आयपीपी साचते. गॅमा-डेल्टा राखणदारांना वाटते, घरात जंतू शिरला. ते हाळी देतात, म्हणजे रक्तात असे पदार्थ सोडतात की ज्यांनी थंडी वाजते, ताप चढतो, अंग दुखते. शत्रू कुणीच नसतो, पण हाळी खरी असते.

सासूबाईंचे सारे आयुष्य शेतात गेले. रात्री-बेरात्री कंदील घेऊन उसाला दारे धरलेली बाई ती. मी त्यांच्यापाशी बसून हे सारे सांगितले, पेशींची नावे वगळून. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'म्हणजे खालचं दार लावलं की वरचा पाट फुगतो, आणि फुगलेला पाट बघून राखणदार ओरडत सुटतो. असंच ना?'

'असंच, आई.'

'मग ते विष नव्हतं म्हणायचं.'

'नव्हतं. ज्या दारामुळे हाड वाचतं, त्याच दारामुळे ताप येतो.'

वाचकहो, मला एवढेच सांगायचे आहे. औषधाचा गुण आणि त्याचा त्रास हे इथे एकाच मुळातून आलेले आहेत. ही ओळख काही पुस्तकी तर्कातून पटली नाही. याच गटातले औषध घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात गॅमा-डेल्टा पेशी वाढल्याचे जर्मनीतील डॉक्टरांना आढळले आणि १९९९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यानंतर दुवे जुळत गेले. एक गोष्ट मात्र बोधप्रद आहे. कोलेस्टेरॉलसाठी आपल्यापैकी अनेकजण स्टॅटिनची गोळी घेतात. ती त्याच पाटाचे अगदी वरचे दार बंद करते. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात स्टॅटिन घातले, की गॅमा-डेल्टा पेशी शांत होतात. पण इंजेक्शनच्या रुग्णांना स्टॅटिन देऊन पाहिले तेव्हा ताप टळला नाही. साध्या पॅरासिटामॉलने मात्र त्रास कमी झाला. काचपात्रात जे घडते ते माणसात घडेलच असे नाही. म्हणून कुणाच्याही सांगण्यावरून आपल्या गोळ्यांत स्वतः फेरबदल करू नयेत.

हा ताप किती जणांना येतो? पहिल्या इंजेक्शननंतर असा त्रास साधारण तिघांपैकी एकाला होतो. दुसऱ्या वर्षी तो बराच कमी होतो, तिसऱ्या वर्षी आणखी कमी. तरुणांपेक्षा वयस्करांत तो कमी आढळतो. वयाबरोबर या पेशीही घटतात, हे त्याचे एक कारण असू शकते. सासूबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, 'मग माझे राखणदार अजून जागे आहेत म्हणायचे!' त्या वर्षात त्यांना प्रथमच या विषयावर हसताना मी पाहिले. मात्र ज्यांना ताप येत नाही, त्यांनी औषध लागू पडले नाही असे मुळीच समजू नये. हाडांवर औषधाचे काम आपले चालूच असते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच कराव्यात. इंजेक्शनपूर्वी मूत्रपिंडाचे कार्य, रक्तातले कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासले आहे ना, हे डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंड फार दुबळे असेल किंवा कॅल्शियम कमी असेल, तर हे औषध देत नाहीत. दात काढायचा असेल, तर तेही आधी सांगावे. पाण्याचे पथ्य नसेल, तर त्या दिवशी भरपूर पाणी पाजावे. पॅरासिटामॉल केव्हा आणि किती द्यायचे, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. इंजेक्शननंतरचे दोन-तीन दिवस घरात कुणी सोबतीला असेल अशीच तारीख निवडावी. तापातल्या वृद्ध माणसाला रात्री एकट्याने न्हाणीघराकडे जाऊ देऊ नये. हाड वाचवण्यासाठी घेतलेल्या औषधाच्या तापात पडून हाड मोडले, तर त्यासारखे दुर्दैव नाही.

आणि प्रत्येक ताप राखणदारांच्या माथी मारू नये. ताप तीन दिवसांपलीकडे राहिला, लघवीला जळजळ होऊ लागली, धाप लागली, माणूस असंबद्ध बोलू लागला, डोळा लाल होऊन दुखू लागला, ओठांभोवती मुंग्या आल्या किंवा हातापायांत गोळे येऊ लागले, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. पावसाळ्यात आपल्याकडे डेंगी आणि हिवताप असतातच. कधी कधी राखणदार खऱ्या चोरासाठीही ओरडत असतो.

आणखी एक मोह टाळावा. राखणदार पेशींचे गुणगान ऐकून कुणी प्रतिकारशक्ती वाढवणारे चूर्ण किंवा गोळी घेऊन दारात उभा राहील. मेट पेशी बी-२ जीवनसत्त्व ओळखत नाहीत, ते बनवताना जिवाणूंच्या घरात तयार होणारे अर्धेकच्चे पदार्थ ओळखतात. म्हणून जीवनसत्त्वाची गोळी खाऊन त्या पेशींना जाग आणता येत नाही. कर्करोगावर गॅमा-डेल्टा पेशींचा उपयोग करण्याचे प्रयत्न संशोधक करत आहेत, पण ते काम अजून प्रयोगांच्या पायरीवर आहे. आणि राखणदाराला विनाकारण ओरडायला लावले तर काय होते, हे आम्ही तीन दिवस पाहिलेच आहे.

ठरलेल्या तारखेला सासूबाई स्वतःहून तयार होऊन बसल्या. दवाखान्यात त्यांनी परिचारिकेला विचारले, 'ताप आला तर किती दिवस समजायचा आमचा, आणि कितव्या दिवशी तुम्हाला फोन करायचा?' मागच्या वर्षी मी विचारायला हवा होता तो प्रश्न त्यांनीच विचारला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी थर्मामीटर हाताशी घेऊन त्यांच्या उशापाशी बसले. अंग जरा कोमट झाले होते, ९९ च्या थोडे वर. पोटऱ्या थोड्या दुखत होत्या. पॅरासिटामॉलची एक गोळी आणि मऊ भात घेऊन त्या झोपी गेल्या.

पहाटे मला जाग आली तेव्हा त्या आधीच उठून वॉकरचा आधार घेत ओसरीपर्यंत पोहोचल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, 'या खेपेला राखणदारानं नुसतं खाकरून सोडून दिलं.' आणि मग, जरा थांबून, 'पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच मांडून ठेव कालनिर्णयावर. माझ्या ध्यानात राहायची नाही.'